लाकडाचे आवाळू

एखाद्याचे नाक 'कातीव' आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते कौतुक असते. हा शब्द आला सुतारकामाच्या एका शाखेतून. 'कातणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. सूत कातणे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या पिढीने तर शाळेत टकळीवर कातलेही आहे. दुसरा अर्थ आता मागे पडला. लाकडाचा ठोकळा लेथवर बसवायचा, तो स्वतःभोवती गरगर फिरत ठेवायचा आणि धारदार हत्यार टेकवून त्याला गोल आकार द्यायचा, हेही कातणेच. ते करणारा तो कातारी. घरातले लाटणे, पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, भोवरा, सावंतवाडीची लाकडी खेळणी ही सगळी कातकामाची लेकरे. कातीव म्हणजे गुळगुळीत, रेखीव, बोट फिरवले तर कुठेही न अडणारे.

आज मला लिहायचे आहे ते मात्र या शब्दाच्या अगदी उलट दिशेला गेलेल्या कातकामाविषयी. ज्या लाकडात भोके आहेत, चिरा आहेत, मध्येच साल अडकलेली आहे, कुठे कुठे कुजलेलेही आहे, असे लाकूड मुद्दाम निवडायचे आणि त्यातून आतून पोकळ भांडी कातायची. ही कला विसाव्या शतकात अमेरिकेत वाढीला लागली. तिचा इतिहास वाचताना मला वारंवार एकच प्रश्न पडत होता. लाकडातला 'दोष' दोष ठरतो तरी कुणाच्या म्हणण्यावरून?

आधी हे लाकूड कोणते ते सांगतो. जुन्या झाडाच्या खोडावर कधी कधी मोठा गोळा आलेला दिसतो. माणसाच्या मानेवर आवाळू यावे तसा. इंग्रजीत त्याला बर्ल किंवा बर म्हणतात. मी आपला 'आवाळू'च म्हणणार आहे. झाडाच्या सालीखाली कितीतरी कळ्या झोपलेल्या असतात. फांदी मोडली, घाव बसला, कीड किंवा बुरशी लागली, की काही वेळा त्या जागी अशा कळ्यांची गर्दी होते. त्यांतल्या बहुतेकींची फांदी होतच नाही. खोड वर्षावर्षाने जाड होत जाते, कळ्याही त्याच्याबरोबर आतच वाढत राहतात, आणि लाकूड त्यांच्याभोवती वळसे घेत जाते. हा गोळा कापला तर आत शेकडो बारीक डोळे दिसतात, त्यांच्याभोवती भोवरे दिसतात.

साध्या लाकडाचे तंतू एका दिशेने धावतात. म्हणून कुऱ्हाडीचा घाव तंतूंच्या दिशेने बसला की ओंडका खाडकन दुभंगतो. आवाळूला अशी दिशाच नसते. ते कुऱ्हाडीला दाद देत नाही, रंध्याखाली उचकटते, आणि त्याची सरळ फळी काढली तर ती वाकडी होते. आपल्याकडच्या वखारीत असा गोळा आला तर त्याची रवानगी बंबात! तोही कुणाला फोडता आला तर.

पण हे लाकूड सगळीकडे आणि सर्व काळी टाकाऊ मानले गेले असे मात्र नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या आणि धर्मसंस्थांच्या पंगतीत 'मेझर' नावाचे पिण्याचे वाडगे असत. उथळ, पसरट, आणि बहुधा मेपलच्या आवाळूतून कातलेले. कँटरबरीच्या क्राइस्ट चर्च मठात सन १३२८ साली केलेल्या यादीत असे १८२ मेझर नोंदलेले आहेत. या मेझर शब्दाची गोष्टही गंमतीची आहे. त्याचे मूळ जुन्या जर्मन भाषेत, आणि अर्थ लाकडावरची गाठ किंवा ठिपका. आजच्या जर्मन भाषेत लाकडावरच्या नक्षीला 'मासेरुंग' म्हणतात आणि गोवराला 'मासेर्न'. म्हणजे लाकडावरचे ठिपके आणि पोराच्या अंगावरचे पुरळ या दोन्हींकडे भाषेने एकाच नजरेने पाहिले. फरक एवढाच, की गोवर आलेल्या पोराला कुणी चांदीने मढवत नाही; मेझरला मढवत.

चांदी नुसत्या दिखाव्यासाठी नव्हती. मेपलवरची आवाळे आकाराने लहान, त्यामुळे वाडगा उथळच निघायचा. मग त्याच्या काठावर चांदीची रुंद पट्टी बसवून खोली वाढवायची. खाली चांदीची बैठक, आत तळाशी मध्यभागी चांदीचा गोल बिल्ला, त्यावर एखादे पवित्र चित्र. वाडग्याला चीर गेली तरी टाकून देत नसत. चांदीच्याच पट्ट्यांनी सांधत. असा एक वाडगा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सच्या हातात आला होता. सन १६६० च्या फेब्रुवारीत तो सॅफ्रन वॉल्डन या गावी गेला असता तिथल्या धर्मार्थ वृद्धाश्रमात त्याला चांदीच्या काठाच्या तपकिरी वाडग्यातून पेय दिले गेले. वाडगा रिकामा केल्यावर तळाशी बाळाला घेतलेली मेरी दिसली, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

हे वाडगे ज्या लेथवर होत तो कसा होता? त्याला ना मोटर ना चाक. वर एक लवचीक बांबूसारखा दांडा, खाली पायाने दाबायची फळी, आणि या दोहोंना जोडणारी दोरी लाकडाभोवती गुंडाळलेली. पाय दाबला की लाकूड पुढे फिरते, पाय सोडला की दांडा दोरीला वर ओढतो आणि लाकूड उलटे फिरते. हत्यार चालवायचे ते फक्त पाय दाबलेला असताना. आपल्याकडचा कातारीही दोरीनेच लाकूड पुढे-मागे फिरवायचा, बरोबरचा माणूस दोरी ओढायचा; तत्त्व तेच. इंग्लंडमध्ये अशा लेथवर वाडगे करून पोट भरणारा शेवटचा माणूस म्हणून जॉर्ज लेली याचे नाव घेतात. जन्म १८६९, मृत्यू १९५८, गाव बर्कशायरमधले बकलबरी. त्याच्याकडे टोकाला वाकवलेली, आकड्यासारखी हत्यारे होती. त्यांच्या जोरावर तो एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. त्याचा लेथ आता रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहे. ही वाकडी हत्यारे वाचकांनी लक्षात ठेवावीत, ती पुढे पुन्हा भेटणार आहेत.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मूळ रहिवाशांनाही आवाळूची किंमत ठाऊक होती. ते लेथशिवायच काम करीत. निखारे ठेवून मधला भाग जाळायचा, कोळसा खरवडायचा, पुन्हा जाळायचा. ॲश आणि मेपलच्या आवाळूतले हे वाडगे तडकत नाहीत हे पाहून युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनीही ते उचलले. तडकत नाहीत याचे कारण तेच, तंतूंना एक दिशा नाही. जो गुण फळीला नडतो तोच वाडग्याला तारतो.

मग हे लाकूड 'सदोष' झाले कधी? काच, कथलाची आणि चिनी मातीची भांडी स्वस्त होत गेली तसा पंगतीतला लाकडी वाडगा मागे पडला, हे एक. दुसरे, आणि माझ्या मते मोठे कारण म्हणजे वाफेवरची लाकूड-गिरणी. कारखान्याला हवी असते फळी. सरळ, एकसारखी, हजाराच्या हिशोबाने. सन १८९८ मध्ये अमेरिकेतल्या लाकूड व्यापाऱ्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि फळ्यांची प्रतवारी करण्याचे नियम बांधले. त्या पद्धतीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या फळीतून निदान ८३ १/३ टक्के भाग स्वच्छ आयताकृती तुकड्यांच्या रूपाने निघाला पाहिजे, आणि तपासायची ती फळीची खराब बाजू. गाठ, चीर, अडकलेली साल, कूज हे सगळे दोष. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माझ्यासारख्याला हा नियम वाचून हसू आले. पहिल्या वर्गासाठी ८३ टक्क्यांच्या वर आणि तेही वाईट बाजू पाहून! पण व्यापाराच्या दृष्टीने नियम रास्तच होता. खुर्चीचा पाय करायचा असेल तर गाठ खरोखरच घातक. चूक नियमाची नव्हे. त्याचा अर्थ 'एवढेच लाकूड चांगले' असा सगळ्यांच्या मनात बसला, हे मात्र खरे. चांगल्या घट्ट आवाळूचे पातळ पापुद्रे काढून महागड्या सामानावर चिकटवत असत, तेवढाच अपवाद. चिरलेल्या-कुजलेल्या गोळ्याला तीही दारे बंद होती.

विसाव्या शतकात अमेरिकेत लाकडी भांड्यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत शिक्षक निघाले, याचा मला साहजिकच आनंद झाला. जेम्स प्रेस्टिनी (१९०८–१९९३) हा इलिनॉयमधल्या लेक फॉरेस्ट येथील शाळेत गणित शिकवायचा. १९३३ च्या सुमारास तो लेथकडे वळला आणि पुढची वीस वर्षे त्याने इतके पातळ वाडगे कातले की त्यांची तुलना काचेशी आणि चिनी मातीशी होऊ लागली. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. पण प्रेस्टिनीचे लक्ष आकाराच्या शुद्धतेवर. गणिताचाच माणूस तो! त्याचा वाडगा आपल्या अर्थाने पुरेपूर कातीव.

दुसरा शिक्षक रूड ऑसोल्निक (१९१५–२००१), केंटकीमधल्या बेरिया कॉलेजचा. हे कॉलेज गरीब डोंगराळ भागातल्या मुलांसाठी; तिथे शिकवणीची फी नाही, विद्यार्थ्यांनी काम करायचे आणि शिकायचे. ऑसोल्निक तिथे अनेक वर्षे हस्तोद्योग शिकवत होता. गिरण्यांनी टाकून दिलेले तुकडे, बुंधे, गाठी, झुडपांची मुळे तो उचलून आणायचा. वाडग्याच्या काठाला झाडाची साल तशीच ठेवायची, काठ वरखाली झाला तर होऊ द्यायचा, असे त्याने केले तेव्हा फारसे कुणी करत नव्हते.

तिसरा बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३), इंडियानातल्या शेतकऱ्याच्या घरातला. दुसऱ्या महायुद्धात त्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिला. अशा सुमारे १२ हजार लोकांना सरकारने युद्धाऐवजी नागरी कामाच्या छावण्यांत पाठवले होते. त्या छावणीत त्याने वाडगे कातायला सुरुवात केली आणि पुढे बर्कली येथे राहून जन्मभर तेच केले. १९७२ मध्ये त्याने के सेकिमाची या विणकर कलावतीशी विवाह केला. ती जपानी वंशाची, जन्म १९२६, सॅन फ्रान्सिस्को. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारांतून उठवून बंदिस्त छावण्यांत ठेवले गेले, त्यांत तिचे कुटुंब होते. युटातल्या टोपाझ छावणीत ती राहिली. पुढे ती नवऱ्याच्या लाकडी वाडग्यांवर कागद थापून कागदाचे वाडगे करू लागली. एकाच युद्धात देशाने बाजूला काढलेली ही दोन माणसे. मी यावर जास्त भाष्य करणार नाही. पण त्या दोघांचे वाडगे शेजारी शेजारी ठेवलेले छायाचित्र पाहण्यासारखे आहे.

आता येतो खऱ्या आवाळूवाल्यांकडे. मेल्विन लिंडक्विस्ट (१९११–२०००) हा न्यू यॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कामाला होता. त्याचे काम कोणते? गुणवत्ता नियंत्रण! दिवसभर धातूच्या यंत्रभागांत दोष शोधायचे, इंचाच्या हजाराव्या भागाची चूक दिसली तरी तो भाग बाद करायचा. आणि हाच माणूस फावल्या वेळात जंगलातून चिरलेली आवाळे आणि कुजू लागलेले ओंडके आणून त्यांची भांडी कातायचा. धातूच्या लेथवरचे ज्ञान वापरून त्याने अरुंद तोंडाच्या फुलदाण्या आत न दिसताही पोखरण्याची रीत बसवली. मला यात विरोधाभास दिसत नाही. दोष नेमका कुठे आहे, किती खोल आहे आणि तो कधी दगा देईल हे ज्याला कळते, तोच त्याच्याबरोबर काम करू शकतो. अडाण्याच्या हातात असले लाकूड दिले तर लेथवर त्याच्या ठिकऱ्या उडतील आणि सोबत डोळाही जाईल.

त्याचा मुलगा मार्क (जन्म १९४९) आधी कुंभारकाम शिकला होता. मातीच्या भांड्याकडे, विशेषतः जपानी चहाच्या वाडग्यांकडे पाहायची जी दृष्टी असते ती त्याने लाकडात आणली. १९७७ मध्ये त्याने 'फाइन वुडवर्किंग' या मासिकात बुरशी लागलेल्या लाकडावर लेख लिहिला. मासिक तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. या लाकडाला तिकडे 'स्पॉल्टेड' म्हणतात. मेपलसारखे झाड पडून ओलसर जागी राहिले की निरनिराळ्या बुरश्या आत शिरतात. एकीची हद्द दुसरीला भिडते तिथे दोघी काळ्या रेघेची भिंत घालतात. कापल्यावर टाकाने रेखाटल्यासारखा नकाशा दिसतो. हे लाकूड थोडे लवकर काढले तर रेघा नाहीत, थोडे उशिरा काढले तर हातात भुसा. सोळाव्या शतकाच्या आसपास इटालियन कारागीर लाकडी जडावकामात बुरशीने हिरवे-निळे झालेले लाकूड रंगासाठी वापरत असत, म्हणजे हीही नजर अगदी नवी नव्हे. पण त्याचे भांडे करून कुजण्याच्या खुणा मिरवायच्या, हे नवे होते.

आता वाकडी हत्यारे. डेव्हिड एल्सवर्थ (जन्म १९४४) हा मूळचा शिल्पकलेचा विद्यार्थी. १९७० च्या दशकाच्या मध्यात कोलोरॅडोत असताना त्याला असे भांडे कातायचे होते ज्याचे पोट घागरीसारखे आणि तोंड मात्र बोट जाईल एवढेच. अडचण बघा. उघड्या वाडग्यात सरळ पटाशी चालते, कारण आतला प्रत्येक भाग तोंडातून सरळ रेषेत दिसतो. घागरीच्या खांद्याच्या आतल्या बाजूला सरळ हत्यार पोहोचणारच नाही. म्हणून त्याने पोलादी सळईचे टोक वाकवून हत्यारे तयार केली. लेलीच्या आकड्यांची आठवण झाली ना? पण लेलीला आत दिसत होते. इथे काहीच दिसत नाही.

काम चालते ते असे. ओला गोळा लेथवर बसवायचा. तो सगळीकडून सारखा नसल्यामुळे यंत्र थरथरते, म्हणून आधी अगदी हळू फिरवायचे. बाहेरचा आकार पूर्ण झाला की तोंडातून हत्यार आत घालायचे. टेकू राहिला बाहेर, धार लाकडाला लागते त्याच्यापासून कित्येक इंच आत. म्हणजे तरफ झाली, आणि आपण तिच्या हातभर लांब मुठीवर भार देऊन उभे. टोक वाकडे असल्यामुळे लाकूड त्याला खालीही खेचते आणि हातात पिळतेही. ढलप्या आतच साचतात, दर थोड्या वेळाने यंत्र थांबवून त्या बाहेर काढाव्या लागतात. भिंत किती पातळ झाली हे कळण्यासाठी मोजणीचा चिमटा आहे, पण फिरत असताना खरा आधार कानाचा. जाड भिंतीचा आवाज बसका येतो, पातळ होत जाईल तसा तो चढत जातो. आपण तबल्याच्या शाईचा आवाज ऐकतो तसेच काहीसे. सेंटिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भिंत आली की थांबायचे. एक ओढ जास्त झाली की दिवसभराचे काम जमिनीवर.

त्यात लाकूड निर्दोष असेल तर निदान सारखा आवाज तरी मिळतो. आवाळूत भोक आले की हत्यार हवेत जाते आणि पुढच्या क्षणी पुन्हा लाकडावर आदळते, दर फेऱ्याला टक्, टक्. अडकलेली साल सुटून उडते. कुजका भाग धार लागताच उचकटतो. तरी ही माणसे तेच लाकूड निवडतात. कारण भिंत सर्व बाजूंनी सारखी पातळ असेल तर ओले भांडे वाळताना न तडकता फक्त थोडे वाकते, आणि आवाळूच्या भांड्याच्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या येतात, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारख्या. लेथ सोडून गेल्यावरही लाकूड आपला आकार स्वतः ठरवत राहते.

१९७९ मध्ये एल्सवर्थने आपली रीत त्याच मासिकात लिहून प्रसिद्ध केली. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कित्येक कसबे बापाकडून मुलाकडे गेली आणि मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला की संपली. या माणसाने पोटापाण्याचे गुपित छापून टाकले, हत्यार कसे वाकवायचे तेही सांगितले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कातारींची संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. निवृत्त लोकांनी गॅरेजमध्ये लेथ टाकले. ज्या आवाळूला गिरणीवाला हात लावत नव्हता त्यासाठी लोक जंगलवाल्यांकडे चौकशी करू लागले.

या सगळ्यावरून मला असे वाटते, की लोकांची आवड बदलली आणि म्हणून दोष सुंदर दिसू लागला, हे अर्धेच खरे आहे. हत्यार बदलले हेही तितकेच खरे. सरळ पटाशी आणि सरळ करवत यांच्या जगात आवाळू सदोष होते. वाकडी सळई, हळू फिरणारा लेथ, ऐकणारा कान आणि ओले लाकूड कसे वाळते याचे ज्ञान एकत्र आले तेव्हा तेच लाकूड कामाचे झाले. नुसते 'दोषातही सौंदर्य असते' असे भाषणात म्हणून काही होत नाही. त्या सौंदर्यापर्यंत पोहोचणारे हत्यार कुणीतरी भट्टीवर वाकवावे लागते.

आमच्या एका आप्तांनी अमेरिकेहून येताना असे एक लहान भांडे आणले आहे. पोटाला दोन भोके, काठ तुटका, वजनाला पाखरासारखे हलके. ते हातात घेऊन आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सगळं खरं, पण ह्यात ठेवायचं काय?" प्रश्न बिनतोड आहे. पाणी राहणार नाही, धान्य गळेल. मेझरमधून निदान पिता तरी येत होते. शेवटी वहिनींनीच ते उजेडाच्या बाजूला खिडकीत ठेवले, आणि भोकांतून आलेले उन्हाचे दोन कवडसे नातवंडांना दाखवत बसल्या. उपयोग म्हणाल तर एवढाच!

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रेडवुडची झाडे आहेत, जगातली सर्वांत उंच, काही दोन हजार वर्षांहून जुनी. त्यांच्या बुंध्याशी प्रचंड आवाळे असतात. आवाळूला बाजारभाव आला तसे रात्री यांत्रिक करवती घेऊन चोर राष्ट्रीय उद्यानात शिरू लागले आणि उभ्या, जिवंत झाडाचे लचके तोडून नेऊ लागले. टेबले, घड्याळे, वाडगे करणाऱ्यांना विकण्यासाठी. प्रकार इतका वाढला की २०१४ च्या मार्चमध्ये उद्यानातून जाणारा एक प्रसिद्ध रस्ता रात्री बंद ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. पडलेले किंवा तोडावेच लागलेले झाड घेऊन काम करणारे प्रामाणिक कातारी पुष्कळ आहेत, त्यांना याचा मनस्ताप होतो. पण ज्याला भाव नव्हता तोवर जे सुरक्षित होते, ते भाव येताच असुरक्षित झाले, हे नाकारता येत नाही.

आणि त्या झाडाच्या दृष्टीने आवाळू म्हणजे काय? रेडवुडच्या आवाळूतल्या झोपलेल्या कळ्या जिवंत असतात. झाड वणव्यात होरपळले, वादळात पडले, तर त्याच कळ्या जाग्या होतात आणि बुंध्यापाशी नवे कोंब फुटतात. म्हणजे ते झाडाचे दुखणे नव्हे. अडीअडचणीसाठी गाठीला बांधून ठेवलेली शिल्लक आहे. गिरणीवाल्याने त्याला दोष म्हटले, कातारीने रत्न म्हटले, चोराने रोकड म्हटले. झाडाला कुणी विचारले नाही.

असो. लेख लांबला. जाता जाता वाचकांना एक विनंती. झाडावरच्या या गोळ्याला मी 'आवाळू' हा माणसांचा शब्द लावला आहे. कोकणात, देशावर, विदर्भात, गोव्यात त्याला आपापले शब्द नक्कीच असतील. जुन्या सुतारांना, लाकूडतोड्यांना ते ठाऊक असणार. आपल्या घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कुणी कळवले, तर मी ते एका वहीत उतरवून ठेवीन.